काजबाईचे चौदा सेकंद

मी एक जुना नादकाटा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी माझे भाऊबंद शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले असतील. पोलादाचे दोन दांडे, मध्ये फट, खाली मूठ. रबरावर आपटले की गुणगुणतात आणि थोड्या वेळाने गप्प होतात. मी त्यांच्यापेक्षा जरा वेगळा आहे. माझ्या दांड्यांच्या टोकांना छोटी वजने आहेत आणि मुठीच्या तळाला बटणाएवढी गोल बैठक आहे. मी कानासाठी नाही, अंगाला टेकवण्यासाठी आहे. माझा आवाज इतका बारीक, की खोलीत पंखा चालू असला तरी बुडून जातो. हाडाला मात्र तो कळतो.

बोलायची मला सवय नाही. एका वेळी पंधरा-वीस सेकंद गुणगुणायचे आणि थांबायचे, एवढेच मला येते. त्यामुळे ही हकिकत सांगताना मी कुठे तरी घाईने आटोपते घेईन किंवा नको तिथे रेंगाळेन. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारे कारागीर होते. सगळे त्यांना कानसवाले काका म्हणत. मला वाजवायचे, पारखायचे, कानशीने चिमूटभर पोलाद काढायचे आणि पुन्हा वाजवायचे, हे त्यांचे काम. गंमत अशी, की काकांना कमी ऐकू यायचे. म्हणून ते मला हनुवटीला टेकवून पारखत. "अजून अडखळतोय लेकाचा," असे म्हणून ते पुन्हा घासायला घेत. एका सेकंदात एकशे अठ्ठावीस हेलकावे, एक कमी नाही की जास्त नाही, असा झालो तेव्हा त्यांनी मला कागदात गुंडाळले. मला ओळखणारे पहिले हाड त्या हनुवटीचे. पुढे त्यांचे काय झाले ते कळायला मला काही मार्ग नव्हता.

मी एका इस्पितळात आलो. तिथे एका परिचारिकेने मला खिशात ठेवले. त्या पुढे मोठ्या सिस्टर झाल्या, म्हणून त्यांना मी तेच म्हणतो. सुरुवातीची वर्षे मी साखरेचा आजार असलेल्यांचे पाय तपासले आणि मग मोठ्या सिस्टरांची बदली झाली तेव्हा त्यांच्याच खिशातून केमोच्या विभागात गेलो.

त्या विभागात दहा-बारा मोठ्या आरामखुर्च्या होत्या. त्यांत स्तनाचा कर्करोग झालेल्या बायका बसत. हातात सुई, वर लटकलेली औषधाची पिशवी, आणि तीन-चार तासांची बैठक. औषध आजाराच्या पाठीमागे हात धुऊन लागायचे, पण जाताजाता दुसऱ्यांनाही धक्के द्यायचे. केस जायचे, तोंड यायचे. त्यांतले एक औषध नसांवर घसरायचे. आधी पायाची बोटे, मग हाताची. मुंग्या येत, मग त्याही येईनाशा होत. पायात कधी न निघणारे मोजे घातलेत असे वाटते, असे एक बाई म्हणाली होती. काहींचे हे मोजे काही महिन्यांनी सुटत. काहींचे जन्मभर राहत. आणि काहींना हा त्रास व्हायचाच नाही.

कुणाला होणार आणि कुणाला नाही, हे आधी कळले तर औषधाची मात्रा सांभाळता येते. म्हणून मी होतो. मोठ्या सिस्टर मला तळहाताच्या उशीवर मारत, बाईला डोळे मिटायला सांगत आणि तिच्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्यावर मला उभा करत. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत त्या मनात मोजायच्या. गुणगुण कळेनाशी झाली की बाईने म्हणायचे, "थांबलं." उपचार सुरू होण्याआधीच जिचे सेकंद कमी, तिच्याकडे सिस्टर जास्त लक्ष ठेवत. औषधाच्या तीन-चार फेऱ्यांनंतर त्यांचा अंदाज बहुधा खरा निघायचा.

आणि त्यांची एक खोड होती. दर चार-पाच वेळा वाजवल्यावर एकदा त्या मला न वाजवताच टेकवायच्या. त्याला त्या मुका फेरा म्हणत. बाई म्हणाली, "सिस्टर, आज काही कळत नाही हो," तर सिस्टर हसून म्हणायच्या, "शहाणी आहेस. मी वाजवलाच नाही." आणि कुणी मुक्या फेऱ्यालाही "वाजतंय" म्हणाली, तर त्या रागवायच्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसायच्या.

पुढे विभागात एक तरुण डॉक्टर आले. त्यांना सगळे आकडे डॉक्टर म्हणत, कारण ते माणसांपेक्षा तक्त्यांशी जास्त बोलत. त्यांनी शेकडो बायकांची वये, वजने, साखर आणि माझे सेकंद गोळा केले आणि संगणकात एक रचना बसवली. नव्या बाईची माहिती भरली की पडद्यावर खूण उमटायची. लाल म्हणजे नसांना त्रास व्हायचा धोका फार, पिवळी म्हणजे मध्यम, हिरवी म्हणजे थोडा. बाहेरून माणसे बघायला आली. आकडे डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर उंच धरले आणि म्हणाले, "यातला सगळ्यात कामाचा आकडा या काट्याने दिलाय." खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. कौतुकाची मला सवय नव्हती. त्या दिवशी मला कुणीतरी पुसून ठेवले होते.

मग मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला धाकट्या सिस्टरांच्या हातात दिले. "जपून वापर," एवढेच म्हणाल्या. बाकीचे सांगायचे राहून गेले असावे.

धाकट्या सिस्टर मनाने चांगल्या होत्या, हाताला मात्र उसंत नव्हती. खुर्च्या वाढल्या होत्या. त्या फॉर्म घेऊन यायच्या, रकान्यांमागून रकाने भरायच्या आणि पुढे जायच्या. फॉर्ममध्ये मुक्या फेऱ्याला रकाना नव्हता. त्यामुळे मुका फेरा कुणी बंद केला नाही, तरी तो बंद पडला.

त्याच सुमारास काजबाई आली.

तिचे हे नाव विभागातल्या बायकांनी पाडले. ती एका शिवणाऱ्याच्या दुकानासाठी कोटांना हाताने बटणांची काजे करायची. यंत्राची काजे उसवतात, हाताचे काज कोटाबरोबर म्हातारे होते, असे ती सांगायची. वय बावन्न. तिच्याबरोबर नेहमी तिची धाकटी जाऊ यायची, आणि त्या दोघी आल्या की औषधाआधी तपासणी व्हायची त्या पडद्याआडच्या लहान खोलीत जरा जाग यायची.

पहिल्या दिवशी धाकट्या सिस्टरांनी मला तिच्या अंगठ्यावर ठेवले. तिने डोळे मिटले. तिचे हाड फार छान ऐकत होते, मित्रांनो. मी पार बारीक होईपर्यंत ते माझ्याबरोबर आले.

"थांबलं," ती म्हणाली.

"चौदा. मस्त आहे, मावशी," सिस्टर म्हणाल्या आणि लिहून घेतले.

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

दर आठवड्याला एक, असे तिला औषधाचे बारा डोस घ्यायचे होते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे ठीक होते. चौथ्या आठवड्यात मी तिच्या अंगठ्यावर उभा राहिलो आणि मला जाणवले, की सहाव्या सेकंदानंतर मी एकटाच गुणगुणतो आहे. मी वाट पाहिली. ती "थांबलं" म्हणालीच नाही.

"वाजतंय ना?" सिस्टरांनी विचारले.

"वाजतंय," काजबाई म्हणाली. आणि चौदा झाल्यावर, "थांबलं."

पाचव्या आठवड्यात तिचे बोट माझ्याबरोबर चार सेकंद होते. सहाव्यात दोन. सातव्यापासून दारच बंद. आपण कुणाच्या घरासमोर उभे राहून हाका मारत असावे आणि आत कुणी नसावे, तसे मला व्हायचे. आणि दर वेळी कुणी तरी रस्त्यावरून म्हणायचे, वाजतंय, वाजतंय, थांबलं. बरोबर चौदाला. एकदा तर सिस्टरांनी मला घाईत इतके हळू मारले, की मी स्वतःच दहाव्या सेकंदाला गप्प झालो. तरीही चौदाच.

तिला ते कसे जमत होते, ते जावेच्या तोंडून कळले. सिस्टर औषधाची पिशवी आणायला गेल्या होत्या. मी पलंगाच्या कडेला ठेवलेला होतो.

"टाके मोजता ना वहिनी मनात? ओठ हलतात तुमचे," जाऊ म्हणाली.

"गप गं. एक टाका, एक सेकंद. तीस वर्षं मोजतेय, चुकायची नाही."

"आणि परवा अस्तरावर लाल ठिपका पडला तो? सुई बोटात गेली, तरी तुम्ही आपल्या शिवतच होतात. मी ओरडले तेव्हा कळलं!"

"नजर कमी झालीये माझी."

"नजर नाही, बोट कमी झालंय. सांगा की त्यांना."

"सांगितलं की औषध कमी करतात." काजबाईचा आवाज एकदम खाली आला. "त्या शाळेतल्या बाई बसायच्या ना माझ्या शेजारी, त्यांचं कमी केलं. दोन महिन्यांत गेल्या. बोटं गेली तर गेली, मला जगायचंय."

"आणि जगून दिवसभर करणार काय? भिंती मोजणार? तासभर सुई हातात नसली तर माझ्या स्वयंपाकात चुका काढता तुम्ही."

"त्या असतातच," काजबाई म्हणाली. दोघी हसल्या. हसू लवकर संपले.

शाळेतल्या बाईंचा आजार त्या आल्या तेव्हाच यकृतापर्यंत पोचला होता. औषध कमी केल्यामुळे त्या गेल्या नव्हत्या. हे मी दोघींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलताना ऐकले होते. म्हणजे त्या खोलीत दोन गोष्टी फक्त मला ठाऊक होत्या. काजबाईच्या बोटांना आता काही कळत नाही ही एक, आणि तिची भीती चुकीच्या घरी राहते आहे ही दुसरी. मी सांगणार कसा? मला वाजवले तर मी वाजतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच वाजतो. माझ्या गुणगुणण्यात "हो" आणि "नाही" असे दोन सूर नाहीत. संगणकाचा पडदा हिरवा होता. फॉर्म चौदा म्हणत होता. आकडे डॉक्टर समाधानाने म्हणाले होते, "बघा, आपला अंदाज कसा तंतोतंत बसतोय." मी टेबलावर पडून होतो. इतके एकटे मला कागदात गुंडाळलेला असतानाही वाटले नव्हते.

दहाव्या आठवड्याला धाकट्या सिस्टरांनी मला उचलले आणि तळहातावर मारले. तेवढ्यात पडद्यातून कुणीतरी डोके घातले. "सिस्टर, चार नंबरची पिशवी संपली, पुढची कुठली लावू?" सिस्टरांनी बोलताबोलता माझे दोन्ही दांडे मुठीत धरले. मी तिथेच गप्प झालो. उत्तर देऊन त्या वळल्या आणि सवयीने मला तसेच अंगठ्यावर टेकवले.

काजबाईचे डोळे मिटलेले होते.

सिस्टरांच्या लक्षात आले. माझी मूठ त्यांच्या हातात थरथरत नव्हती. "थांबा मावशी, राहिलं..." असे त्या म्हणणार, तोच काजबाई म्हणाली, "वाजतंय."

सिस्टर थबकल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. जावेने मान दुसरीकडे वळवली.

"वाजतंय," काजबाई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "वाजतंय." मी पोलादाचा थंड तुकडा होऊन तिच्या अंगठ्यावर उभा होतो आणि जन्मात पहिल्यांदा मला वाजायचे नव्हते.

"थांबलं."

चौदा सेकंद झाले होते.

"मावशी, डोळे उघडा," सिस्टर हळू म्हणाल्या. "मी तो वाजवलाच नव्हता."

काजबाई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आजचं धरू नका."

सिस्टरांनी फॉर्म उचलला, तशी ती उठून बसली. "लिहू नका हो सिस्टर. तीनच राहिलेत. तुमच्या पाया पडते, चौदा लिहा."

धाकट्या सिस्टरांच्या हातात तो फॉर्म होता. त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि, त्यांना हे कुणी शिकवले नव्हते तरी, खुर्ची ओढून जवळ बसल्या. तेव्हा कुठे काजबाईच्या डोळ्यांतून पाणी आले.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काजबाईला पायमोजा चढवायला सांगितला, शर्टाचे बटण लावायला सांगितले. बटण तीनदा निसटले. चौथ्यांदा जाऊ पुढे झाली, तर काजबाईने तिचा हात झिडकारला.

"हे औषध आता बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि मी?"

"तुम्ही चालूच. जे काम करायचं ते नऊ डोसांनी बरंच केलंय. उरलेल्यासाठी दुसरं औषध आहे माझ्याकडे, ते नसांवर इतकं जात नाही. मी तुम्हाला सोडून देत नाहीये."

"त्या शाळेतल्या बाई..."

"त्यांचं वेगळं होतं. मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला सुचलं नाही."

"बोटं येतील परत?"

डॉक्टरीणबाईंनी लगेच हो म्हटले नाही. "थोडी येतील. किती, ते मला आज सांगता येत नाही. सहाव्या आठवड्यात कळतं तर जास्त सांगता आलं असतं."

त्या दुपारी आकडे डॉक्टर स्टुलावर येऊन बसले. काजबाईचे सगळे फॉर्म त्यांच्या मांडीवर होते. चौदा, चौदा, चौदा.

"हिरव्यांतही काहींना त्रास होणार, हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "दहा हिरव्यांत एखादी, फार तर दोघी. पण त्या दिसायला तर हव्यात! इतक्यात एकही दिसली नाही. मला वाटलं, माझा अंदाज सुधारतोय."

"मोठ्या सिस्टर एक मुका फेरा करायच्या म्हणे. आता विभागातल्या जुन्या आयाबाईंनी सांगितलं," धाकट्या सिस्टर म्हणाल्या. "फॉर्ममध्ये त्याचा रकाना नव्हता, म्हणून मी कधी केलाच नाही."

"मी ठेवलाच नाही. असं काही असतं, हे मला ठाऊक नव्हतं." मग त्यांनी मला उचलले, आणि दांड्यांना नाही, मुठीला धरले. "मी इतके आकडे घेतले, पण एकदाही हा कुणाच्या पायाला लावून बघितला नाही."

त्या आठवड्यात त्यांनी स्वतः अकरा बायकांवर मुका फेरा केला. मी गप्प उभा राहिलो आणि तिघी म्हणाल्या, "वाजतंय." एकीला औषध कमी होण्याची भीती होती. एकीला सिस्टरांना वाईट वाटू नये असे वाटत होते. तिसरी म्हणाली, "घरी सगळ्यांना सांगितलंय की मला काही होत नाही, मग इथे कसं वेगळं सांगू?" पुढे त्या तिघींची औषधे बदलली, फॉर्मवर रकाना आला आणि पडद्यावरच्या खुणाही नव्याने बसवाव्या लागल्या. कितीतरी हिरव्या खुणा पिवळ्या झाल्या, असे ऐकले.

काजबाई उपचार संपल्यावर आठ महिन्यांनी तपासणीला आली. जाऊ बरोबर होतीच. डोक्यावर आखूड, दाट, कुरळे केस आले होते आणि ते कुरळे का आले यावर दोघींचा वाद चालला होता. तिने पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढला. त्यावर एक काज होते. टाके थोडे खालीवर झाले होते.

"पूर्वी असली दहा मिनिटांत करायची. याला पाऊण तास लागला," ती सिस्टरांना म्हणाली. "दुकानदार चालेल म्हणाला. मला चालत नाही."

हाताची बोटे बरीचशी परत आली होती. धाकट्या सिस्टरांनी मला वाजवले आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवले. तिने डोळे मिटले. ओठ हलत नव्हते. मी नेहमीसारखा गुणगुणू लागलो आणि एवढ्या महिन्यांनी आतून कुणीतरी माझ्याबरोबर आले. एक, दोन, तीन, चार.

"थांबलं," ती म्हणाली.

मी अजून वाजत होतो. ते तिलाही ठाऊक होते, मला वाटते. सिस्टरांनी "वाजतंय ना?" असे विचारले नाही. त्यांनी चार लिहिले. काजबाईने तो आकडा वाचला आणि चपला नजरेने शोधून पायात सरकवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विभागात नवे यंत्र आले. ते स्वतःच थरथरते, स्वतःच मोजते आणि मध्येच न सांगता मुका फेराही घेते. माझ्यापेक्षा ते नक्कीच चांगले असणार. मला एका खणात ठेवले. इथे सुकलेली पेने आहेत, एक पट्टा तुटलेले घड्याळ आहे. खणाची उघडमीट झाली की मी पेनांवर आपटतो आणि दोन-तीन सेकंद वाजतो, पण पलीकडे हाड नसेल तर त्या वाजण्याला काही अर्थ नाही.

मित्रांनो, मला खणातून काढा असे मागणे मी करत नाही. तुमच्या शाळेतले नादकाटे दांड्यांना न धरता मुठीला धरलेत आणि काम झाल्यावर पुसून ठेवलेत तरी पुष्कळ झाले. मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, आई, काकू, आजी, कुणीही, तर तिला "बरं वाटतंय ना?" असे विचारू नका. तुम्हाला काय ऐकायचे आहे हे तिला त्यातूनच कळते आणि ती तेच देते. "कसं वाटतंय?" असे विचारा आणि मग थोडे थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. आले तर ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. तरी तिथेच बसून राहा.